परदेशी घोडा : प्रवास आणि स्थिरावणे

समुद्रापारहून आणलेल्या घोड्याला प्रवासात जडणारे आजार आणि नव्या हवा-पाणी-चाऱ्याशी त्याच्या जुळण्याचा काळ, असा या नोंदीचा विषय आहे. सोलापूरच्या मुलखाला तो नवा नाही. बहमनी आणि आदिलशाही काळात अरबी घोडी चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरून घाट चढत आणि दख्खनच्या पागांत येत. भीमाकाठच्या भीमथडी तट्टांत हे अरबी रक्त उतरले आहे, असे मानतात. आज अकलूजच्या घोडेबाजारात देशी जातींचाच बोलबाला असतो. परदेशी जनावर हा शौकाचा आणि खर्चाचा मामला.

जहाजाचे आठवडे विमानाने तासांवर आणले, पण छातीचा आजार टळला नाही. घोडा चरताना मान खाली घालतो, त्यामुळे श्वासनलिकेतला कफ वाहून जातो. प्रवासात आखूड बांधल्यामुळे मान वरच राहते. वाळल्या गवताची धूळ आणि जंतू आत साचतात आणि फुप्फुस व त्याच्या आवरणाला सूज येते. यालाच ‘शिपिंग फीव्हर’ म्हणतात. तो बहुधा उतरल्यावर एक ते तीन दिवसांत डोके वर काढतो, म्हणजे ‘सुखरूप पोचला’ म्हणून मालक निर्धास्त झाल्यावर! पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर पारा गेला किंवा घोड्याने तोबऱ्याकडे पाठ फिरवली, तर डॉक्टरला बोलवायला उशीर करू नये.

देशात उतरल्यावरचे विलगीकरण संपले तरी मुंबई ते सोलापूर हा सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता उरतोच. घाटात तोल सांभाळता सांभाळता घोडा थकतो. त्यात अनोळखी चवीच्या पाण्याला तो तोंड लावत नाही, आणि इकडचे बोअरचे पाणी तर जड. पाणी कमी पडले की आतड्यात चारा अडकून पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून तो जिवावर बेतू शकतो. निघण्याच्या आधीपासूनच पाण्यात किंचित गूळ घालून त्या चवीची सवय लावली, तर नवे पाणीही तो पितो.

खरी परीक्षा चाऱ्याची. टिमोथी किंवा ओटच्या गवतावर वाढलेल्या घोड्यापुढे एकदम कडबा टाकू नये. जुन्या चाऱ्यात नवा मिसळत दहा ते चौदा दिवसांत बदल करावा. हिरव्या ज्वारीत घोडा कधीच चरायला सोडू नये. कोवळ्या ज्वारीचे विष गुरांच्या मालकांना माहीत असते. घोड्यात मात्र सतत हिरवी ज्वारी खाल्ल्याने मूत्राशय निकामी होते आणि मागचे पाय लटपटतात. वाळलेला, बुरशी न धरलेला कडबा त्या मानाने बरा. लसूणघास द्यावा, पण बेताने.

दक्षिण गोलार्धातून जूनमध्ये आलेला घोडा थंडीची दाट लव घेऊन येतो. खरारा आणि गरज पडल्यास केस कापणे हाच त्यावर उपाय. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्याशी जुळायला मात्र अनेक आठवडे लागतात. घामावाटे मीठ फार जाते, ते भरून द्यावे लागते. काही घोड्यांचा तर घामच आटतो. असा घोडा सावलीत उभा असूनही धापा टाकतो.

पावसाळ्यात चावऱ्या माश्या ‘सर्रा’ हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरवतात. ग्लँडर्स हा जंतूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग त्याहून वाईट: त्यावर लस नाही, तो माणसालाही होतो, आणि २००९ च्या केंद्रीय कायद्याखाली बाधित घोड्याला मारावे लागते.