उधळणे: गुलालापासून घोड्यापर्यंत

‘महागाईचा वारू चौखूर उधळला’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून येतं. वारू आता बातम्यांपुरताच उरला आहे, पण ‘उधळणे’ रोजच्या बोलण्यात टिकून आहे.

या क्रियापदाचं मूळ संस्कृत ‘उद्धूलन’मध्ये, म्हणजे धूळ किंवा भुकटी उडवण्यात, सांगितलं जातं. जेजुरीत भंडारा उधळतात, जोतिबाच्या डोंगरावर गुलाल, तो हाच जुना अर्थ. पुढे मुठीतल्या गुलालासारखा पैसाही उधळला जाऊ लागला आणि उधळपट्टी, उधळ्या हे शब्द आले. डाव उधळला, सभा उधळून लावली, यांतही जमलेलं विस्कटणं आहेच. घोड्याच्या बाबतीत मात्र क्रियापद अकर्मक होतं. गुलाल कुणीतरी उधळतो, घोडा आपला आपण उधळतो. देशावरच्या कोरड्या माळावर पळत्या जनावरामागे उठणाऱ्या धुरळ्यातूनच हा अर्थ आला असावा, असं मला वाटतं.

घोडा उधळण्याआधी बुजतो. वरातीत कानाजवळ फटाका वाजला की त्याचे कान ताठ होतात, नाकपुड्या फुलतात, तो अंग चोरून बाजूला सरकतो. एवढ्यात कुणी लगाम धरून चुचकारलं तर निभावतं, नाहीतर उधळतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असलेलं, शिकाऱ्यापासून पळून जगलेलं हे जनावर. भ्यायलं की आधी पळतं.

‘चौखूर’ शब्दाला तर छायाचित्राचा पुरावा आहे. पळताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, यावर पूर्वी वाद होता. १८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली. चारही खूर खरोखरच अधांतरी होते, पण चित्रकार दाखवत तसे पुढे-मागे ताणलेले नव्हते, पोटाखाली गोळा झालेले होते.

घोडा उधळू नये म्हणून तबेल्यात त्याच्या मागच्या पायांना दोरी बांधत. तिचं नाव पायबंद. त्यामुळे ‘उधळपट्टीला पायबंद’ या मथळ्यात दोन्ही शब्द घोड्याच्या ओळखीचे आहेत, आणि मला तो फार आवडतो.

‘शेअर बाजार उधळला’ हे कौतुकाने लिहिलेलं मात्र खटकतं. दौडणाऱ्या घोड्याचा लगाम स्वाराच्या हाती असतो, उधळलेल्याचा नसतो. म्हणूनच जिंकत चाललेल्या संघाची आपण ‘घोडदौड’ म्हणतो. बाजार भराभर चढला एवढंच सांगायचं असेल तर ‘दौडला’ लिहावं. ‘उधळला’ हे तो कुणालाच आवरेनासा होईल त्या दिवसासाठी राखून ठेवावं.