जोडणी टिकवावी की नव्याने करावी: दोनच्या मर्यादेची पार्श्वभूमी

दोन संगणकांत जोडणी करून माहिती क्रमाने पोहोचवणाऱ्या टीसीपी या नियमसंचाचे मूळ प्रमाणक १९८१ चे असले, तरी दर वेळी नवे सॉकेट, म्हणजे जोडणीचे टोक, उघडण्याची किंमत खऱ्या अर्थाने जाणवू लागली ती वेबमुळे. ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीचे नियम म्हणजे एचटीटीपी; मे १९९६ मध्ये लेखी स्वरूपात आलेल्या एचटीटीपी १.० मध्ये एका विनंतीला एक जोडणी हाच प्रघात होता. दहा चित्रांच्या पानासाठी अकरा जोडण्या होत, प्रत्येक जोडणीचा वेग शून्यापासून वाढत जाई आणि आधी बंद करणारा सर्व्हर असल्याने टाइम-वेटमधली, म्हणजे बंद झाल्यावरही काही काळ राखून ठेवावी लागणारी, सॉकेट्स त्याच्याच माथी साचत.

जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने हा प्रघात उलटवला: स्पष्ट नकार नसेल तर जोडणी उघडीच राहील. वाद झाला तो त्याच दस्तऐवजातील दुसऱ्या एका सूचनेवरून. एका क्लायंटने (उदा. ब्राउझरने) एका सर्व्हरशी दोनपेक्षा अधिक जोडण्या ठेवू नयेत, असे तिच्यात म्हटले होते आणि १९९९ च्या सुधारित आवृत्तीतही ती कायम राहिली. या आकड्याची पुढे बरीच टिंगल झाली, ती काहीशी अन्यायाची होती. एका जोडणीमागे एक प्रोसेस (चालू प्रोग्रामची प्रत) अडकवणाऱ्या सर्व्हरना रिकामी उघडी जोडणीही महागच पडे, अपाची या सर्व्हर प्रोग्रामच्या १.३ आवृत्तीत अशी जोडणी उघडी ठेवण्याची मूळ मुदत १५ सेकंद होती, २.२ मध्ये ती ५ वर आली. चूक आकड्यात नव्हती, तर पाइपलायनिंगवर, म्हणजे उत्तराची वाट न पाहता एकाच जोडणीवर पुढच्या विनंत्या धाडण्यावर, टाकलेल्या भरवशात होती. उत्तरे विनंत्यांच्याच क्रमाने येणे बंधनकारक असल्याने एक संथ उत्तर मागच्या सगळ्यांना रोखून धरी, मधले अनेक प्रॉक्सी (विनंत्या पुढे पोहोचवणारे मध्यस्थ सर्व्हर) गोंधळत, आणि बहुतेक ब्राउझरांनी ही सोय मुळातच बंद ठेवली. संकेतस्थळांनी मग चित्रे निरनिराळ्या होस्टनावांवर विभागून मर्यादेला बगल दिली, २००८ च्या सुमारास प्रमुख ब्राउझर सहा जोडण्यांपर्यंत गेले, आणि २०१४ च्या फेरलेखनात आकडा वगळण्यात आला.

२०१५ च्या एचटीटीपी २ ने अनेक विनंत्या एकाच जोडणीवर एकत्र वाहून नेल्या, पण खाली टीसीपीच असल्याने एक पॅकेट (माहितीचा तुकडा) हरवले की त्या सगळ्याच विनंत्यांचे प्रवाह अडत. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी ३ खाली टीसीपीच्या जागी आलेल्या क्विक या नियमसंचात जोडणीला स्वतंत्र ओळखक्रमांक असल्याने वायफायवरून मोबाइल नेटवर्कवर गेल्यानेही ती तुटेलच असे नाही. शिवाय पूर्वीच्या भेटीची खूण जवळ असेल तर पुनर्जोडणी करताना पहिल्याच पॅकेटसोबत विनंती धाडता येते. मात्र मधल्या कोणी ते पॅकेट पुन्हा पाठवले तर विनंती दोनदा अमलात येऊ शकते, म्हणून ही सवलत माहिती केवळ वाचणाऱ्या, काहीही न बदलणाऱ्या विनंत्यांपुरतीच ठेवावी लागते.