घरी पाहुणे ठेवण्याची नोंदणी: संभाजीनगर, खुलताबाद की वेरूळ?

"वेरूळच्या मामांचं काम ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर झालं, मग माझ्याकडूनच एवढे कागद कशाला?" नोंदणीचे अर्ज भरून देणाऱ्या आमच्या कार्यालयात हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की उत्तर छापूनच ठेवलं.

पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेचा, म्हणजे राहत्या घरातल्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देण्याचा, अर्ज गारखेड्यातल्या बंगल्याला आणि वेरूळच्या घराला एकच आहे. बांधकामाची नियमावलीही डिसेंबर २०२० पासून, काही अपवाद सोडले तर, राज्यभर एकच झाली. बदलतं ते घराचा कागद देणारं कार्यालय. संभाजीनगरची महापालिका १९४९ च्या अधिनियमाखाली चालते, खुलताबाद आणि पैठणच्या नगरपरिषदा १९६५ च्या, तर वेरूळ आणि फर्दापूरच्या ग्रामपंचायती १९५८ च्या. मामांचे कागद तुमच्या फाइलला चालत नाहीत ते यामुळे.

महापालिकेत चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती आणि मंजूर नकाशा किंवा भोगवटा प्रमाणपत्र काढून ठेवा. फ्लॅट असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्रही. गुंठेवारीतल्या (मंजुरीशिवाय गुंठ्यांनी पाडलेल्या प्लॉटवरच्या) घराला नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हवं. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसू शकतात. कर भरतो म्हणजे घर अधिकृत झालं, असं होत नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो.

वेरूळला नमुना ८ मिळतो, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घर गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि अकृषक परवानगीही बघितली जाते. खुलताबादेत नगरपरिषदेचा करआकारणी उतारा, आणि सिटी सर्व्हे झालेल्या भागात पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक). पाहुण्यांसाठी नवी खोली चढवायची असेल तर आधी अंतर मोजा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्वाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. हा केंद्राचा कायदा आहे. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला आणि शहरातला बीबी का मकबरा, तिन्हींना तो सारखाच लागू.

आता ज्या चुकीपायी सगळ्यांत जास्त वेळ जातो ती. लोक हद्द पत्त्यावरून ठरवतात. पत्त्यात छत्रपती संभाजीनगर आहे, दारावरून सिटी बस जाते, म्हणून घर महापालिकेत आहे असं समजू नका. वेरूळ रस्त्याला पडेगाव आणि मिटमिटा महापालिकेत येतात. पुढचं शरणापूर आणि दौलताबाद ग्रामपंचायतीत. सातारा-देवळाईची गंमत वेगळीच. तिथे आधी ग्रामपंचायती होत्या, मग नगरपरिषद झाली, आता महापालिका आहे. एकाच घराच्या पिशवीत तिन्ही काळांतले कागद सापडतात, आणि नेमका जुना नमुना ८ अर्जाला जोडला जातो. अर्ज त्रुटीचा शेरा घेऊन परत येतो. तोवर चलन भरलेलं असतं आणि गाद्या-पडद्यांचा खर्चही झालेला असतो.

खात्री करणं सोपं आहे. घरपट्टीच्या सगळ्यांत अलीकडच्या पावतीवर शिक्का कोणाचा आहे ते बघा. शंका राहिली तर गट नंबर घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारा. पावती वडिलांच्या नावावर आणि वीजबिल आजोबांच्या, असं असेल तर नोंदणीआधी नाव लावून घ्या. उलट क्रमाने गेलं की दोन्ही कामं अडकतात.

म्हणूनच मूळ पावती पाहिल्याशिवाय आम्ही फी घेत नाही आणि व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर हो-नाही सांगत नाही. फोटोत नेमका शिक्का आणि मालमत्ता क्रमांक कापलेला असतो. "आठ दिवसांत हमखास" असं सांगणारेही आहेत. आमची फी त्यांच्यापेक्षा थोडी जास्त आहे; त्यात हद्दीची खात्री आणि शेरा आलाच तर दुरुस्ती करून पुन्हा दाखल करणं धरलेलं आहे.

आणखी एक. निवास व न्याहारी म्हणजे मालक स्वतः राहतो ते घर. केंद्राच्या योजनेत जास्तीत जास्त ६ खोल्या, १२ खाटा. तुम्ही पुण्याला आणि फ्लॅट इथे रिकामा, तर ही नोंदणी तुमच्यासाठी नाही. घाटी या सरकारी रुग्णालयात उपचारासाठी आलेल्यांना किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना महिना-दोन महिने जागा द्यायची असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करा. इथेही हद्द आडवी येतेच: नोंदणी फी महापालिका आणि नगरपरिषद हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००, मुद्रांक शुल्क मात्र सगळीकडे ०.२५ टक्के. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या करारासाठी आम्ही अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो.

नोंदणीनंतरचं थोडक्यात. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची. एका रात्रीचा मुक्काम असला तरी सूट नाही. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी लागते. जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. तुमची नोंदणी नसेल तर ॲपवरून आलेल्या बुकिंगचा कर ॲपवाली कंपनीच भरते.

श्रावणात घृष्णेश्वराची गर्दी सुरू झाली की सगळे एकदम येतात, त्यामुळे उन्हाळ्यातच फाइल दिलेली बरी. येताना घरपट्टीची पावती, वीजबिल, मालकीचा कागद आणि आधार कार्ड आणा, सगळं मूळ. झेरॉक्स इथे निघते, मूळ कागद लगेच परत मिळतात.