सोनेगावची मध्यरात्र आणि मिहान: नागपूर विमानतळाची पार्श्वभूमी

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या विस्ताराची चर्चा निघाली की ‘देशाचा मध्यबिंदू’ हा मुद्दा हमखास येतो. नुसत्या मध्यबिंदूने काही होत नाही, हे याच विमानतळाच्या इतिहासात दिसते.

जुन्या नागपूरकरांसाठी हा विमानतळ म्हणजे सोनेगाव. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दल ही धावपट्टी वापरत होते. पण सोनेगावचे खरे वैभव सुरू झाले जानेवारी १९४९ मध्ये. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना तेव्हा रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही विमाने सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपल्या शहरी परते. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात! त्याच वर्षी देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना आली, म्हणजे ही सोय साध्या पत्रालाही मिळाली. त्याच विमानांतून प्रवासीही जात. त्यांचेही विमान नागपुरातच बदले. रात्रीच्या उड्डाणाचा धोका मात्र खरा होता. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेले डाकोटा सोनेगावहून उडताच कोसळले आणि १३ जण दगावले. तरीही सेवा १९७३ पर्यंत चालली. माझ्या मते तेवढ्या काळात नागपूर खऱ्या अर्थाने देशाचे केंद्र होते, कारण भूगोलाला वेळापत्रकाची जोड होती.

पुढची काही दशके हा विमानतळ मुख्यतः देशांतर्गत प्रवाशांचाच राहिला.

मध्यबिंदूची कल्पना पुन्हा उचलली ती मिहान प्रकल्पाने. त्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. मालवाहतुकीचे मोठे केंद्र आणि शेजारी विशेष आर्थिक क्षेत्र, असा बेत होता. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. मोबदला आणि पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. विमानतळाच्या इतिहासात त्यांचे नाव आधी यायला हवे. २००५ मध्ये विमानतळाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. १९५६ ची धम्मदीक्षा याच शहरात झाली, त्यामुळे देशविदेशातून येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंना हे नाव आपले वाटते. शारजा आणि दोहाच्या विमानांनी आखाताची वाटही उघडली. बोईंगने बांधलेले विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये एअर इंडियाकडे आले.

विस्तार अडला तो दोन ठिकाणी. दुसऱ्या धावपट्टीच्या आड हवाई दलाच्या जागेची अदलाबदल होती. दुसरा अडथळा खासगीकरणाचा: विमानतळ चालवण्यासाठी जीएमआर या खासगी कंपनीची बोली आधी मान्य झाली, मग २०२० मध्ये सरकारने प्रक्रियाच रद्द केली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये करार होऊन विस्ताराची पायाभरणी झाली. मालवाहू विमानांसाठी रात्रीच्या वेळा नीट बांधून दिल्या नाहीत, तर दुसरी धावपट्टी होऊनही मिहानचा मूळ हेतू अपुराच राहील.