दक्षिणावर्ती शंख : घरी नेण्याआधी वाचावे

‘दक्षिणावर्ती म्हणून डावा शंख दिलात’ असा फोन वरचेवर येतो. बहुतेक वेळा शंख बरोबर असतो, धरलेला उलटा असतो. त्यात तुमची खेप फुकट जाते आणि आमचा वेळ.

इथे ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. पूर्वेला तोंड केले की उजवा हात दक्षिणेला येतो. ‘आवर्त’ म्हणजे वळसा. प्रश्न एवढाच, की शंख कसा धरून उजवे-डावे ठरवायचे. वेढ्यांचे टोक (वाजवायच्या शंखाचे जे कापतात ते) खाली, पन्हाळीसारखी चोच वर आणि उघडी बाजू तुमच्याकडे. पोकळी उजवीकडे आली तर दक्षिणावर्ती, डावीकडे आली तर वामावर्ती. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत वेढ्यांचे टोक वर असते, त्यामुळे त्यांचा ‘उजवा’ तो आपला वामावर्ती. मोबाइलवरचे फोटो लावून पाहणारे नेमके इथे फसतात.

पूजेचा शंख म्हणजे मन्नारच्या आखातात, तुतिकोरिन-रामेश्वरच्या बाजूला मिळणाऱ्या समुद्री गोगलगायीचे कवच. शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. (व्यापारात त्याला ‘चँक’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘शंख’वरूनच गेला आहे.) ही कवचे जवळजवळ सगळी वामावर्ती निघतात. दक्षिणावर्ती फारच विरळा, म्हणून त्याची किंमत ऐकून लोक दचकतात. बाजारात स्वस्तात मिळणारा बहुधा अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लायटनिंग व्हेल्क असतो. त्याचे वळणच तसे, त्यात दुर्मीळ काही नाही. पोकळीत बोट घालून मधल्या खांबावरून फिरवा. आपल्या शंखाला तीन-चार ठसठशीत कडा लागतात, व्हेल्कला तशा लागत नाहीत. आम्ही व्हेल्क ठेवतो, पण शोभेच्या कपाटात आणि त्याच नावाने. कानाला लावून ॐकार ऐकू येणे ही पारख नव्हे. कुठलाही पोकळ शंख बाहेरचाच आवाज घुमवतो.

खरे सांगायचे तर रोजच्या पूजेला वामावर्ती उत्तम चालतो. फक्त पाणी भरायचा की वाजवायचा, ते आधी सांगा. टोक कापले की पाणी राहत नाही आणि कापलेला शंख आम्ही परत घेत नाही. काउंटरवर हातात धरून पाहूनच पैसे द्या, गर्दी असली तरी. लिंबू-व्हिनेगरने धुऊ नका, चुना खाल्ला जाऊन चकाकी जाते.

पितळी अडणी मापानुसार मिळते. जुना शंख असेल तर घेऊन या, बसवून पाहू.