सप्रमाणता, चाचणीची

सप्रमाणता, चाचणीची : जे मोजायचे म्हणून चाचणी घेतली तेच तिने कितपत मोजले, हे सांगणारा गुण. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हाच शब्द रुळला आहे. मानसशास्त्रात ‘यथार्थता’ आणि ‘वैधता’ही आढळतात. विश्वसनीयता, वस्तुनिष्ठता व व्यवहार्यता हे चांगल्या चाचणीचे अन्य गुण होत.

वरील व्याख्येचे श्रेय बहुधा ट्रुमन केली (१९२७) या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाला दिले जाते. तथापि जवळजवळ त्याच शब्दांतली व्याख्या १९२१ मध्ये बी. आर. बकिंगहॅम यांच्या लेखनात दिसते. त्याच वर्षी अमेरिकेतील शैक्षणिक संशोधन संचालकांच्या संघटनेनेही, चाचणी काय मोजते आणि किती सातत्याने मोजते, हे दोन प्रश्न वेगळे काढले होते. त्यामुळे ही कल्पना एकट्या केलींची न मानता त्या दशकातल्या चर्चेतून घडली असे मानणे अधिक योग्य. मानसशास्त्रीय चाचण्यांविषयीच्या १९५४ च्या अमेरिकन शिफारशींत सप्रमाणतेचे चार प्रकार मानले गेले : आशय (अभ्यासविषयाचे सर्व भाग चाचणीत येणे), पूर्वकथन (पुढील यशाचा अंदाज देणे), समकालिक (त्याच वेळच्या दुसऱ्या मापाशी जुळणे) व संरचना (बुद्धीसारखी थेट न दिसणारी कल्पना मोजणे). क्रॉनबॅक आणि मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये संरचना सप्रमाणतेची सविस्तर मांडणी केली. सॅम्युएल मेसिक (१९८९) यांच्या मते हे सारे एकाच सप्रमाणतेचे पुरावे आहेत, आणि ती प्रश्नपत्रिकेची नसून गुणांवरून काढलेल्या निष्कर्षाची असते. डेनी बोर्सबूम प्रभृतींना (२००४) हे मान्य नाही; मोजायचा गुणधर्म खरोखर अस्तित्वात असावा आणि त्यातील फरकामुळेच चाचणीतील गुणांत फरक पडावा, एवढेच ते पुरेसे मानतात. शाळेतील व्यवहाराला मात्र मेसिक यांची मांडणी अधिक लागू पडते.

चौथीच्या गणितातला एक प्रश्न घेऊ : ‘बाजार समितीत नेलेल्या १२ क्विंटल तुरीपैकी एकचतुर्थांश हिस्सा प्रतवारीत नाकारण्यात आला, तर किती तूर स्वीकारली गेली?’ मेळघाटातले, घरी कोरकू बोलणारे मूल ‘प्रतवारी’पाशीच अडते. त्याच मुलापुढे बारा चिंचोके ठेवून चार सारखे वाटे करायला व एक बाजूला काढायला सांगितले, तर ते उरलेले नऊ बिनचूक मोजते. कागदावरचा शून्य गुण येथे अपूर्णांकांविषयी काहीच सांगत नाही. तो मराठी वाचनाविषयी सांगतो. हाच प्रश्न वाचनाच्या चाचणीत घातला तर कदाचित तो चालेलही. अशा शून्यावरून मुलाला ‘गणितात कच्चा’ ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो निकालपत्रावर कुठेच दिसत नाही.

विश्वसनीयता म्हणजे मापनातील सातत्य. स्टार्च आणि इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा काहींनी पन्नाशीत तर काहींनी नव्वदीच्या वर गुण दिले. विश्वसनीयता मोजण्याच्या पद्धती स्पिअरमन–ब्राउन (१९१०), क्युडर–रिचर्डसन (१९३७) व क्रॉनबॅक (१९५१) यांच्या नावांनी ओळखल्या जातात. विश्वसनीयता आवश्यक असली तरी पुरेशी नाही. एखाद्या निकषाशी (उदा. पुढील परीक्षेतील यशाशी) चाचणीचा सहसंबंध, म्हणजेच सप्रमाणता गुणांक, तिच्या विश्वसनीयतेच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणजे विश्वसनीयता ०·६४ असेल तर सप्रमाणता गुणांक फार तर ०·८०. उलट सदोष वजनकाटा रोज तेवढीच चूक दाखवतो, तशी चाचणी अत्यंत विश्वसनीय असूनही निरुपयोगी ठरू शकते.

प्रश्नागणिक तपासणीसाठी एकूण गुणांनुसार वरचे व खालचे २७ टक्के विद्यार्थी घेतात. या प्रमाणाचे समर्थन केली यांनी १९३९ मध्ये केले. १०० जणांच्या परीक्षेत वरच्या २७ पैकी २२ व खालच्या २७ पैकी ९ जणांचे उत्तर बरोबर आल्यास काठिण्य निर्देशांक (बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण) ३१/५४ म्हणजे ०·५७ आणि भेदन निर्देशांक (वरच्या व खालच्या गटांतील फरक) १३/२७ म्हणजे ०·४८ येतो. असा प्रश्न ठेवावा. भेदन निर्देशांक उणे आला, तर आधी उत्तरसूची पाहावी. पुष्कळदा चूक तिथे किंवा दोन अर्थ निघणाऱ्या पर्यायात असते. बी.एड.च्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला संविधान तक्ता हे काम परीक्षेआधी करतो : कोणत्या घटकाला, कोणत्या उद्दिष्टाला किती गुण, हे ठरवून आशय सप्रमाणता राखणे.

मराठीपुरते पाहता, व्ही. व्ही. कामत यांनी बिने बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कानडी मुलांसाठी केलेले रूपांतर (ग्रंथ १९४०) हा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होय. शब्द बदलले की प्रश्नाची काठिण्यपातळीही बदलते, म्हणून अशा चाचण्यांचे केवळ भाषांतर पुरत नाही. मानके, म्हणजे कोणत्या वयाला किती गुण सर्वसाधारण हे, स्थानिक मुलांवरूनच नव्याने बसवावी लागतात.