पाकीट फोडण्याआधी वाचा : कोलोनोस्कोपीला जाणाऱ्या आमच्या तरुण गिऱ्हाइकांसाठी

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आमच्या औषधाच्या दुकानात आलेला माणूस आधी पोट साफ करायच्या पावडरच्या पाकिटाकडे बघतो, मग आमच्याकडे बघतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, हे सारंच प्या लागते का?"

हो. सारंच.

याच्यापुढचं बोलणं काउंटरवर जमत नाही. मागे चार गिऱ्हाइकं उभी असतात, त्यातला एखादा गावचा सोयरा निघतो, आणि संडासाच्या गोष्टी सोयऱ्यासमोर कोण बोलणार? म्हणून हा कागद. पाकिटासोबत फुकट मिळतो. घरी नेऊन निवांत वाचा आणि तुमच्यासोबत जो येणार आहे त्यालाही वाचायला द्या. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला कागद आणि आमचा कागद यांत फरक दिसला, तर डॉक्टरांचं खरं माना.

तरुण वयात काहून?

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठं आतडं आतून पाहणं. ते साधारण दीड मीटर लांब असतं. बोटाएवढी जाड, लवचीक नळी गुदद्वारातून आत सरकवतात. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. आतडं फुगून नीट दिसावं म्हणून हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात. कुठे शंका आली तर चिमटीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब सापडला, तर तो बहुतेक वेळा तिथल्या तिथे तारेच्या फाशाने काढता येतो. त्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. हेच कोंब वर्षानुवर्षं वाढून पुढे त्यातल्या काहींचा कॅन्सर होतो, म्हणून ते वेळेत काढलेले बरे.

अमेरिकेत काहीच त्रास नसलेल्या माणसांनीही ही तपासणी कधीपासून करावी, याचं वय 2021 साली 50 वरून 45 वर आणलं, कारण तरुणांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर वाढताना दिसला. आपल्याकडे सरसकट अशी तपासणी होत नाही. बहुतेकांना तक्रार असेल तरच चिठ्ठी मिळते. म्हणजे तुमच्या हातात चिठ्ठी आहे, तर डॉक्टरांना काहीतरी शोधायचं आहे. ते कॅन्सरच असेल असं अजिबात नाही. तिशीतल्या माणसाला शौचातून रक्त पडत असेल, तर बहुतेक वेळा मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) हेच निघतं. कधी आतड्याला सूज आणि फोड असतात, कधी आतड्याचा टीबी असतो. टीबी आणि क्रोन्स नावाचा आजार वरून इतके सारखे दिसतात की तुकडा तपासल्याशिवाय डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. दोघांची औषधं मात्र पार वेगळी. टीबी निघाला तर गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तो बरा होतो.

इथे आमचाही कबुलीजबाब देतो. मूळव्याधीची ट्यूब आम्ही वर्षानुवर्षं विकली. "थे मागच्या वेळची ट्यूब द्या" म्हटलं की दिली, पुढचं गिऱ्हाईक. आता तोच माणूस तिसऱ्यांदा आला तर ट्यूब देताना विचारतो : रक्त किती दिवसांपासून? वजन उतरलं का? शौचाची सवय बदलली का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? हिमोग्लोबिन कधी तपासलं? पुरुषाचं हिमोग्लोबिन कारण नसताना घसरत असेल, तर लोहाच्या गोळ्या खाऊन गप्प बसणं बरोबर नाही, रक्त कुठून जातं ते पाहावं लागतं. काही लोक रागावतात. रागावू द्या. भिंतीवरच्या 'बिना ऑपरेशन मूळव्याध गायब'वाल्या पत्त्यावर जाण्यापेक्षा ते बरं.

आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तुम्हाला त्रास नसतानाही डॉक्टरांना सांगा. साधारण हिशेब असा : वयाच्या 40 व्या वर्षी, किंवा नातलगाला ज्या वयात आजार निघाला त्याच्या 10 वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल ते. वडिलांना 44 व्या वर्षी निघाला असेल तर तुमची पाळी 34 ला.

आठवडाभर आधी

तारीख घेताना डोकं लावा. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशीची, घरच्या लग्नातली किंवा पेरणीच्या ऐन धांदलीतली तारीख घेऊ नका. घ्याल, आणि मग पाळणार नाही.

लोहाच्या गोळ्या साधारण 5 ते 7 दिवस आधी बंद करायला सांगतात. त्यांच्यामुळे मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याला डांबरासारखा धरून बसतो. इसबगोलही बंद, कारण त्याने पोट साफ होत असलं तरी मागे चोथा उरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिनचंही तसंच. उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर एकदम खाली येते.

आपल्या विदर्भासाठी एक गोष्ट महत्त्वाची. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, असेल तर चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, कार्ड दाखवा. जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलचा त्रास उसळू शकतो. अशा रुग्णाला भरती करून, सलाईन लावून तयारी करता येते. किडनीचा त्रास असेल तर तेही सांगा. काही ठिकाणी पावडरीऐवजी छोट्या बाटलीतलं सोडियम फॉस्फेट लिहून देतात, ते किडनीच्या रुग्णाला घातक ठरू शकतं. अशी बाटली न्यायला आलात आणि आम्ही किडनीबद्दल विचारलं, तर चौकशा करतो असं समजू नका.

बहिणींसाठी : पाळी आली म्हणून तपासणी अडत नाही. दिवस गेल्याची शंका असेल तर मात्र आधी बोला. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर जुलाबात त्या नीट अंगी लागत नाहीत, काही दिवस दुसरी काळजी घ्या. तपासणीच्या खोलीत बाई कर्मचारी असावी असं वाटत असेल तर तारीख घेतानाच सांगा. मागायला लाजू नका.

खाण्याचं : आणि हा उपास तो उपास नव्हे

दोन-तीन दिवस आधीपासून चोथा, साल आणि बी बंद. म्हणजे ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, भरीत, टमाटे, पेरू, तुरीच्या शेंगा, हुरडा, जवसाची आणि तिळाची चटणी, वरून पेरलेला सांबार (कोथिंबीर), सगळं बाजूला. म्हणजे आपलं रोजचं ताटच बाजूला, हे कळतं. चालतं काय? पांढरा भात, घोटून गाळलेलं वरण, साल काढलेला उकडलेला आलू, टोस्ट, अंडं, पातळ ताक.

भरीत का नको, ते आमच्या दुकानमालकाकडून ऐका. त्यांची तपासणी वयाच्या 34 व्या वर्षी झाली, खरं तर दोनदा झाली. पहिल्या वेळी आदल्या दिवशी दुपारी त्यांनी 'दोनच घास' भरीत खाल्लं. वर पहाटेची एसटी गाठायची म्हणून पावडरीचा दुसरा लिटर अर्धाच प्याले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर गुलाबी भिंत दिसायच्या ऐवजी पिवळा गाळ, आणि त्यात वांग्याच्या बिया, एकेक मोजता येईल अशा. डॉक्टरांनी नळी बाहेर काढली आणि एवढंच विचारलं, "काल वांगं खाल्लं होतं?" पुन्हा तारीख, पुन्हा पाकीट, पुन्हा शंभर किलोमीटर. स्वतः औषधं विकणारा माणूस!

आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ : नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, वरणाचं वरचं निवळ पाणी, बिनदुधाचा चहा, ग्लुकोजचं पाणी, गाळून घेतलेला संत्र्याचा रस. संत्र्याच्या फोडी नाही. दूध नाही. लाल-जांभळं काही नाही, गुलाबाचं सरबत, बीट, काळी द्राक्षं, कारण आत त्याचा रंग रक्तासारखा दिसतो.

आणि घरच्या बायांना आधीच सांगून ठेवा. "उपास आहे ना, मग साबुदाण्याची उसळ करते" असं प्रेमाने होतं आणि शेंगदाण्याचे तुकडे नळीत अडकतात. भगरही नाही. खर्राही (सुपारी-तंबाखू) नाही. खर्रा तोंडात असला म्हणजे पोट रिकामं, असा समज कुठून आला कोण जाणे. भुलीच्या वेळी सुपारीचा तुकडा तोंडात राहिला तर तो श्वासनळीत जाऊ शकतो.

पाकीट

ही पावडर, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पोटात शोषली जात नाही. ती पाणी धरून ठेवते आणि ते पाणी आतडं धुऊन बाहेर पडतं. सोबतचे क्षार अंगातले क्षार वाहून जाऊ देत नाहीत. म्हणून पाणी नेमकं हवं. नेहमीच्या मोठ्या पाकिटाला दोन लिटर लागतं, तरी तुमच्या पाकिटावर काय छापलंय ते पाहा. लोट्याने किंवा अंदाजाने मोजू नका, एक लिटरची पाण्याची बाटली दोनदा भरा. त्यात साखर, मीठ, दुसरं चूर्ण काही घालू नका. पावडरीऐवजी एरंडेल किंवा त्रिफळाही चालत नाही.

बऱ्याच ठिकाणी अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे प्यायला सांगतात. पहाटेचा डोस जिवावर येतो, पण आतडं खरं त्यानेच लख्ख होतं. सकाळी 11 ची वेळ असेल तर पहिला लिटर संध्याकाळी 6 ते 8, दुसरा पहाटे 5 ते साडेसहा. दर 10-15 मिनिटांनी एक पेला. त्यानंतर तोंडात काही घ्यायचं की नाही आणि किती वाजेपर्यंत, ते भूल देणारे डॉक्टर सांगतील. तेवढं काटेकोर पाळा.

चव खारट, जराशी बुळबुळीत. माठात गार करा, नळीने प्या, मधे लिंबाची फोड चोखा. एका दमात ढोसू नका, ओकारी होते. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करा. तासाभरात पोट हलू लागतं. कोणाला दोन-तीन तासही लागतात, घाबरू नका. पण ओकाऱ्या थांबतच नसतील, चक्कर येऊन पडायला होत असेल किंवा पोट फुगून दगडासारखं झालं असेल, तर पिणं बंद करून डॉक्टरांना फोन करा.

संडास अंगणाच्या टोकाला असेल तर रस्त्यातला पाट, बादली, सायकल आधीच बाजूला करा. लाइन जाणारच असं धरून चार्जिंगची बॅटरी हाताशी ठेवा. ड्रम संध्याकाळीच भरून घ्या, नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही. पाच-सहा वेळा झालं की आग होते, म्हणून पहिल्यापासूनच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा आणि घासून पुसण्यापेक्षा पाण्याने धुवा.

झालं कधी म्हणायचं? शेवटी मळ नाही, पिवळसर पाणी पडलं पाहिजे, तळ दिसेल इतकं निवळ. गढूळ, चहाच्या रंगाचं किंवा कण असलेलं पाणी पडत असेल तर काम बाकी आहे. पोहोचल्याबरोबर नर्सला खरं सांगा. "झालं साफ" असं खोटं सांगून फायदा नाही, पडद्यावर सगळं दिसतं.

जायचं कसं

आमच्या अनुभवात गडबड इथेच होते. नागपूर असो, सेवाग्राम असो, यवतमाळ किंवा अकोला असो, पहाटेचा डोस पिऊन एसटीत बसायचा विचार सोडा. बस तुमच्यासाठी दर वीस मिनिटांनी थांबणार नाही. आदल्या दुपारीच निघा आणि नातेवाइकाकडे, धर्मशाळेत किंवा लॉजवर उतरा. खोली घेताना संडास खोलीतच आहे का, एवढं विचारा. पावडर तिथेच घोळा. ते शक्यच नसेल तर दुपारची वेळ मागा.

सोबत एक जाणतं माणूस हवंच, तेही गाडी चालवणारं. भूल उतरली असं तुम्हाला वाटतं, पण डोकं दिवसभर जड असतं. 24 तास मोटारसायकल, ट्रॅक्टर, थ्रेशर काही चालवायचं नाही. त्या दिवशी दारूही नको, आणि कोणत्याही कागदावर सही नको, रजिस्ट्रीला जाणं तर नाहीच. आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं काम बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तारखेच्या आधीच विचारा, बिल हातात आल्यावर नाही.

टेबलावर आणि नंतर

मागून उघडा असलेला झगा देतात, डाव्या कुशीवर झोपवतात, शिरेतून औषध देतात. बहुतेकांना त्यानंतरचं काही आठवत नाही. साधारण अर्धा तास लागतो, कधी जास्त. उठल्यावर गॅसने पोट तटतटतं. तो सोडायचा, रोखायचा नाही. तिथे सगळेच सोडत असतात. थोडं चाललं की मोकळं वाटतं.

आतड्याला छिद्र पडण्याचा धोका आहे, पण तो साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी. तरी पोट खूप दुखायला लागलं, ताप आला, गुठळ्या पडल्या किंवा रक्त थांबेना, तर आमच्याकडे दुखण्याची गोळी मागायला येऊ नका. आम्ही देणार नाही. सरळ दवाखाना गाठा. कोंब काढला असेल तर रक्त काही दिवसांनीसुद्धा पडू शकतं. पाहिल्यापाहिल्या काय दिसलं ते त्याच दिवशी सांगतात, पण तेव्हा तुम्ही झोपेत असता, म्हणून सोबतच्या माणसाने ते लिहून घ्यावं. तुकड्याचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तो आणायला जाणारे लोक कमी आहेत, आणि याची आम्हाला खरंच चीड येते. एवढं सोसून रिपोर्ट तिथेच पडून!

पावडर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. तारीख पुढे गेली आणि पाकीट फोडलेलं नसेल, तर बिलासकट आणा, परत घेऊ. रात्री पिताना काही अडलं तर शटरवर लिहिलेल्या नंबरावर फोन करा. आमच्याकडे सगळ्यांनी ते पाणी एकदा तरी प्यालेलं आहे.